इन्सुलिनची सुई आणि आपली पंगत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह आणि निधी या विषयांवर बोलण्याचा आपला जुना प्रघात आहे. यंदा चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही मधुमेह आणि त्यावरील इन्सुलिन हा विषय मागून घेतला. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यात घालविलेले एक मास्तर आहोत. परंतु गेली अकरा वर्षे आम्ही स्वतः दररोज इन्सुलिन घेत आहोत. औषध कोणते आणि किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगावयाचे. ते औषध आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या पंगतीत आणि आपल्या व्रतवैकल्यांत कसे सांभाळावयाचे, एवढेच सांगण्याचा आमचा अधिकार आहे आणि त्या मर्यादेतच आम्ही बोलणार आहोत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. तेव्हा हा विषय परक्या घरचा नाही. असे असूनही 'काकांना आता सुई लागली' हे वाक्य आपल्याकडे अशा सुरात उच्चारले जाते की, ऐकणाऱ्याने समाचारालाच जावे. आमचे आजचे सांगणे त्या सुराविषयी आहे. इन्सुलिनने माणूस संपत नाही. इन्सुलिन घेण्याचे वर्षानुवर्षे पुढे ढकलणे, घेत असल्यास ते लपविणे, आणि आग्रह व उपवास यांच्या भिडेपोटी त्याच्या वेळा चुकविणे, यांनी माणूस संपतो. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हातातील नसून आपल्या, म्हणजे घरच्या व ज्ञातीच्या, हातातील आहेत.

प्रथम इन्सुलिन म्हणजे काय ते पाहू. जठराच्या पाठीमागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. १८६९ साली लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ती प्रथम पाहिली. या बेटांतून जो रस थेट रक्तात मिसळतो तो इन्सुलिन. आपण खाल्लेल्या भाताची, भाकरीची, पोळीची अखेरीस साखर होते आणि ती रक्तातून सर्वांगी फिरते. परंतु फिरणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे. पाटाला पाणी आले, तरी बारे फोडून ते वाफ्यात घेणारा गडी नसेल, तर पाट तुडुंब वाहतो आणि पीक मात्र वाळते. इन्सुलिन हा तो गडी होय. तो नसला म्हणजे रक्तात साखर तुडुंब आणि शरीर उपाशी, अशी स्थिती होते. म्हणूनच मधुमेही पुष्कळ खाऊनही रोडावतो. चरक व सुश्रुत यांच्या संहितांतून या रोगाचे आणि मूत्राला मुंग्या लागण्याच्या लक्षणाचे वर्णन आहे. पाणी पाटाबाहेर वाहून जात आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. गडी कोठे हरवला, हे मात्र पुढे कित्येक शतकांनी कळले.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात, जो बहुधा बालपणी वा तरुणपणी उद्भवतो, शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या बेटांतील पेशींचा नाश करते. म्हणजे गडी मुळीच राहत नाही. अशा मुलास पहिल्या दिवसापासून इन्सुलिन हवेच. त्याला दुसरा पर्याय आजही नाही. दुसऱ्या प्रकारात गडी असतो, परंतु बारी गाळाने भरलेली असतात. तो दुप्पट राबतो आणि वर्षानुवर्षे राबून अखेर थकतो. रोग ध्यानात येतो त्या वेळीच या पेशींची निम्म्याच्या आसपास शक्ती सरलेली असते, असे संशोधकांनी दाखविले आहे. मग गोळ्यांनी काही वर्षे निभावते आणि पुढे काहींना बाहेरून गडी आणावा लागतो. यात रोग्याने पथ्य मोडले म्हणून भोगावयाची शिक्षा कोठे आली? चष्म्याचा नंबर वाढला, तर आपण कोणास दोष देत नाही. तोच न्याय येथे लावावा.

औषधाचा इतिहासही आपण थोडा ध्यानात ठेवावा, कारण त्यावाचून त्याची किंमत कळत नाही. १९२२ पूर्वी ज्या मुलास हा रोग जडे, ते बहुधा वर्षा-दोन वर्षांत जाई. अमेरिकेत डॉक्टर ॲलन यांनी अशा रुग्णांस अर्धपोटी ठेवण्याचा उपचार रूढ केला होता. त्याने आयुष्य थोडे लांबे, परंतु ते हाडांच्या सापळ्याचे आयुष्य असे. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग नावाचा तरुण शस्त्रवैद्य आणि बेस्ट नावाचा त्याचा साहाय्यक विद्यार्थी यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हा रस काढण्याचा प्रयोग आरंभिला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई टोचली. अर्क अशुद्ध होता व गुण यथातथाच आला. कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हा टोचला, तेव्हा त्या मुलाच्या रक्तातील साखर उतरली. मरणाच्या दारी असलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग व मॅक्लाउड यांस १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी बँटिंग यांनी आपल्या वाट्यातील रक्कम बेस्टला आणि मॅक्लाउड यांनी कॉलिपला वाटून दिली. या औषधाचे हक्क तर संशोधकांनी अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठास देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा आज जगभर मधुमेहदिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच बालदिनही आहे. हे औषध मिळालेला पहिला रोगी एक शाळकरी मुलगाच होता, हे पाहता तो योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

येथे एका शंकेचे निरसन करणे अवश्य आहे. आपल्यातील काही वृद्ध मंडळी 'ते जनावरांपासून काढतात' म्हणून इन्सुलिन नाकारतात. एके काळी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत, हे खरे. परंतु १९८२ पासून मानवी इन्सुलिन सूक्ष्म जंतूंकडून प्रयोगशाळेत तयार करवून घेण्यात येऊ लागले, आणि आज आपल्या बाजारात सामान्यतः मिळते ते याच रीतीचे, जंतू किंवा यीस्ट यांच्याकडून बनविलेले असते. त्यामुळे शाकाहाराच्या कारणास्तव कोणी जीव धोक्यात घालू नये.

'सुई घेऊन तरी काय मिळते?' असेही विचारले जाते. त्यास आकड्यांनीच उत्तर देतो. अमेरिका व कॅनडा येथे पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांचे काही वर्षे निरीक्षण झाले. त्याचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी वारंवार साखर तपासून इन्सुलिनच्या योगे ती काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात इतरांच्या मानाने डोळ्याच्या पडद्याचा विकार होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंच्या विकाराचे ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे सुमारे ५० टक्क्यांनी घटले. मात्र त्याच मंडळींत साखर धोकादायकरीत्या खाली उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. या प्रयोगाचे दोन्ही धडे आपण घेतले पाहिजेत. इन्सुलिन डोळे व मूत्रपिंडे वाचविते. परंतु ते हिशेबाचे औषध आहे आणि त्याला बेहिशेबीपणा खपत नाही.

हा हिशेब तीन रकान्यांचा आहे: औषध, अन्न आणि श्रम. निरोगी शरीरात हा जमाखर्च आतल्या आत जुळतो, तो इन्सुलिन घेणाऱ्यास बाहेरून जुळवावा लागतो. इन्सुलिनचेही प्रकार आहेत. काही चोवीस तासांच्या आसपास मंद गतीने चालणारे, जेवणाशी फारसा संबंध नसलेले. काही जेवणापूर्वी घ्यावयाचे आणि त्या जेवणापुरते काम करणारे. आणि काही या दोहोंचे मिश्रण. जेवणाचे जुन्या पद्धतीचे इन्सुलिन सुमारे अर्धा तास आधी घ्यावे लागते, तर नव्या जलद प्रकारचे बहुधा दहा-पंधरा मिनिटे आधी. आपले कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रत्येकाने डॉक्टरांस विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. वही ठेवावीच. सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, कधी रात्री झोपताना आणि क्वचित पहाटे तीन वाजता ग्लुकोमीटरवर साखर पाहून ती लिहावी. सामान्य प्रौढ मधुमेह्यास उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी ७ टक्क्यांच्या आत, असे ध्येय डॉक्टर बहुधा सांगतात. वृद्धांना, विशेषतः एकटे राहणाऱ्यांना, ते थोडे सैल ठेवतात. आता दंडाला चिकटवून सतत साखर दाखविणारी यंत्रेही निघाली आहेत. ज्यास परवडेल त्याने ती अवश्य घ्यावीत, परंतु साधी पेन्सिल आणि वही यांनीही हिशेब चोख राहतो, असा आमचा अनुभव आहे.

सुई टोचण्याच्या कृतीतील काही गोष्टी घरातील दोन माणसांस तरी ठाऊक असाव्यात. त्यांतील पहिली गोष्ट गणिताची आहे. आपल्या देशात बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाचे मिळते, आणि पेनमधील १०० युनिट या प्रमाणाचे. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता समजा, डोस २० युनिट आहे. ४० च्या बाटलीतील औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात आठच युनिट पोटात जातात. उलट, १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर पन्नास युनिट जातात आणि जिवावर बेतते. औषधाच्या दुकानात बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा एकच आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट जागेची. पोट, मांडी, कुल्ला व दंडाची मागील बाजू येथे सुई घेता येते. पोटावर घेताना बेंबीपासून दोन इंच दूर राहावे. रोज त्याच बिंदूवर टोचल्यास तेथे गाठ धरते. त्या गाठीत दुखत नाही म्हणून माणूस तेथेच टोचत राहतो, आणि औषध मात्र नीट शोषले जात नाही. 'डोस वाढवूनही साखर उतरत नाही' या तक्रारीचे मूळ कित्येकदा या गाठीत असते. म्हणून जागा क्रमाने बदलावी. तिसरी गोष्ट साठवणीची. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले, तरी निकामी समजून टाकून द्यावे. वापरात असलेली बाटली घरातील थंड जागी साधारण चार आठवडे चालते. खेडेगावी, जेथे वीज जाते, तेथे ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत बंद करून ती ठेवावी. एकाची सुई अगर पेन दुसऱ्याने, नवरा-बायकोनेही, वापरू नये. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकावी, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात ती रुतणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. साखर ७० च्या खाली उतरली म्हणजे धोक्याची घंटा झाली असे समजावे. हिलाच घरोघरी 'शुगर लो झाली' असे म्हणतात. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, एकाएकी भूक, विनाकारण चिडचिड, बोलणे अडखळणे ही तिची लक्षणे होत. अशा माणसास मद्य प्यालेला समजून लोक दूर सारतात, हे आगगाडीत व रस्त्यावर घडलेले आहे. माणूस शुद्धीवर असल्यास त्याला ताबडतोब चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तितकेच ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा साखर पाहावी, उतरलेलीच असल्यास पुन्हा द्यावे, आणि ती वर आल्यावर पोळी, भाकरी वा बिस्किटे खाण्यास द्यावी. पेढा, बर्फी, चॉकलेट हे पदार्थ अशा वेळी उपयोगी नाहीत, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचण्यास विलंब लागतो. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आता आम्ही आपल्या चालीरीतींकडे वळतो, आणि येथे थोडे स्पष्ट बोलल्याबद्दल वडील मंडळींनी राग मानू नये. आपल्या ज्ञातीत पंगतीचा आग्रह हे भूषण मानले जाते. जिलबीचे ताट फिरते, 'एकाने काय होते', 'आमच्या घरी आलात आणि नको म्हणता', असे म्हणून वाढणारा पानावर वाढून जातो. इन्सुलिन घेणाऱ्याने त्या दिवसाचा डोस ठराविक जेवणाच्या हिशेबाने घेतलेला असतो. आग्रहाने साखर चढते आणि हिशेब मोडतो. परंतु याहून अधिक घातक आहे तो पंगतीचा उशीर. पत्रिकेत साडेबाराची वेळ, मुहूर्त लांबला, पाने दोन वाजता मांडली. ज्याने साडेबाराच्या भरवशावर सुई घेतली, त्याची साखर दोनपर्यंत कोठे गेली असेल? म्हणून पान समोर आल्याशिवाय जेवणाचे इन्सुलिन घेऊ नये, हा नियम प्रत्येक मधुमेह्याने समारंभापुरता तरी डॉक्टरांस विचारून ठरवून घ्यावा, आणि यजमानाने वेळ पाळणे हाच खरा आदर समजावा.

उपवासाचीही तीच कथा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'उपवास आहे' म्हणून खिचडी व रताळी खाल्ली, तर साखर भडकते. निर्जळी केली आणि डोस नेहमीचाच घेतला, तर ती धोकादायक उतरते. 'काही खायचेच नाही, मग सुई कशाला' म्हणून पहिल्या प्रकारच्या रुग्णाने ती पूर्णपणे बंद केली, तर शरीर चरबी जाळू लागते, रक्त आम्लयुक्त होते, आणि ओकाऱ्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास या मार्गाने एक-दोन दिवसांत प्राणावर येते. तापात व जुलाबातही अन्न जात नाही म्हणून पायाचे इन्सुलिन आपल्या मनाने बंद करावयाचे नसते. डॉक्टरांस विचारून डोस बदलावयाचा असतो. बालक, वृद्ध, रोगी व गर्भिणी यांस उपवासातून सवलत देण्याची आपल्या धर्मशास्त्राचीच परंपरा आहे. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही. त्याचप्रमाणे गूळ अथवा मध म्हणजे साखर नव्हे, हा समजही सोडून द्यावा. रक्ताला त्यांतील भेद कळत नाही. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांचे चूर्ण घ्यावयाचे तर घ्या, परंतु इन्सुलिनच्या जागी घेऊ नका. पहिल्या प्रकारच्या मुलाचे इन्सुलिन तोडून त्यास चूर्णावर ठेवणे म्हणजे त्याला १९२२ पूर्वीच्या काळात परत लोटणे होय.

शेवटचा मुद्दा लपविण्याचा, आणि आमच्या मते तोच सर्वांच्या मुळाशी आहे. आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. एका मुलीस नवव्या वर्षापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह होता. ती स्वतःची सुई स्वतः घेई, पदवीधर झाली, नोकरीस लागली. लग्न ठरताना घरच्यांनी ही गोष्ट सांगितली नाही आणि तिलाही बोलू दिले नाही. सासरी ती न्हाणीघराचे दार लावून सुई घेऊ लागली. पहिल्या श्रावणात मंगळागौर आली. तिने नेहमीच्या वेळी सुई घेतली. पूजा लांबली, जेवणास अडीच वाजले. भुकेची जाणीव होऊनही नव्या सुनेने साखर मागावी कशी, म्हणून ती गप्प राहिली आणि पूजेच्या जागीच कोसळली. उपवासाची चक्कर समजून कोणी कांदा हुंगविला, कोणी तिच्या दातांत पेढा सारू लागले. शेजारच्या डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या, त्यांना तिच्या पिशवीतील पेन दिसले, आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली. तिच्या सासूबाई पुढे आमच्या घरी म्हणाल्या, "गुरुजी, आम्हांला आधी सांगितले असते, तर आम्ही तिला नाकारले असते की नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पण साखर तरी हाताशी ठेवली असती." ही बाई खरे बोलली. आज त्या घरात इन्सुलिनची बाटली फ्रीजच्या वरच्या फळीवर उघड ठेवलेली असते, आणि जेवणाची वेळ ती सून सांगेल ती असते.

या उदाहरणात दोष कोणाचा? मुलीच्या आईबापांनी लपविले, कारण सांगितले तर स्थळ मोडेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि ते पक्के ठाऊक होते, कारण आपण सर्वांनी मिळून तशी रीत पाडली आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची मुलगी आपण नाकारतो. आणि नाकारणाऱ्या घरात आजोबा, वडील व काका असे तिघे दुसऱ्या प्रकारचे मधुमेही असतात! वस्तुतः पहिल्यापेक्षा दुसरा प्रकारच घराण्यातून अधिक उतरतो. हा रोग स्पर्शाने होत नाही. साखर काटेकोर सांभाळून डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा स्त्रिया सुखरूप माता होतात. तेव्हा सांगणाऱ्याने सांगावे, हे म्हणण्यापूर्वी ऐकणाऱ्याने ऐकून घेण्यास शिकावे, हे म्हणणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

शाळांतूनही हेच घडते. वर्गात सुई काढली म्हणून मुले टवाळी करतात आणि मूल दुपारचा डोस चुकविते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेच्या वेळी साखरेच्या गोळ्या, फळे इत्यादी जवळ बाळगण्याची मुभा दिली. नियम झाला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु नियम शाळेच्या दारापर्यंत येतो, पुढे वर्गात त्याला शिक्षकाने व सोबत्यांनी आणावयाचे असते. आपल्या ज्ञातीत आजही शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी हे काम आपले समजावे.

समारोप करताना मंडळापुढे चार विनंत्या ठेवतो. पहिली, मंडळाच्या प्रत्येक समारंभाच्या पत्रिकेत जेवणाची वेळ छापावी आणि ती पाळावी. दुसरी, पंगतीत 'वाढू का?' असे एकदाच विचारावे, 'नको' म्हणणाऱ्याच्या पानावर वाढू नये, आणि कोठीच्या खोलीत ग्लुकोजचा डबा व एक ग्लुकोमीटर कायम ठेवावा. तिसरी, मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून, ज्या गरीब घरांतील मुलांस इन्सुलिन लागते त्यांस तपासणीच्या पट्ट्यांसाठी मदत द्यावी. इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, परंतु महिन्याकाठी पट्ट्यांचा खर्च साध्या संसारास जड जातो, आणि पट्टीवाचून सुई म्हणजे काळोखात नेम धरणे होय. चौथी विनंती वधू-वर सूचक समितीस आहे: प्रकृतीविषयी मोकळेपणी लिहिणाऱ्या कुटुंबाची माहिती मागे न टाकता इतरांच्या बरोबरीने पाठवावी.

या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. आपल्यापैकी जे सुई घेतात त्यांनी आजच्या भोजनास बसण्यापूर्वी ती येथे, चारचौघांत, निःसंकोचपणे घ्यावी. भोजनाची वेळ एक वाजताची छापली आहे, आणि पाने मांडावयास सुरुवात झाल्याचे स्वयंसेवक आम्हांस खुणेने सांगत आहेत. म्हणून आम्ही येथेच थांबतो.